गणपतीत मंडळाची स्पर्धा: बीजीएमआय ठेवायची का कॅरम-बुद्धिबळ? आणि एंट्री फीचं काय?

तापीकाठचा_भो (चोपडा तालुका)

रामराम मंडळी. आमचं गाव चोपड्याच्या बाजूला, नाव टाकत नाही कारण मंडळातले निम्मे लोक इथंच वाचत पडलेले असतात. यंदा गणपतीत डीजेचा खर्च कमी करून काहीतरी स्पर्धा घ्यायची असं ठरलं, इथपर्यंत सगळे हो म्हटले, आणि पुढच्याच मीटिंगला दोन पार्ट्या पडल्या. पोरं म्हणतात बीजीएमआय (पबजीचीच भारतातली मोबाईल गेम) ठेवा, आजूबाजूच्या गावातून टीमा येतील, यूट्यूबवर लाइव्ह लावू, मंडळाचं नाव होईल. मोठे म्हणतात मान खाली घालून मोबाईलवर बसायचं तर रोजच चालू आहे त्याला स्पर्धा कशाला पाहिजे, कॅरम ठेवा नाहीतर बुद्धिबळ ठेवा. मला दोघांचंही पटतं आणि सेक्रेटरी मीच, म्हणून बोंब माझ्याच नावानं.

आमच्याकडे ग्रामपंचायतीचा हॉल आहे, कॅरम बोर्ड दोन आहेत त्यातल्या एकाची फ्रेम हललेली, लाईटचा भरवसा नाही (पाऊस आला की गेलीच). वर्गणीतून बक्षिसाला पंधरा हजार काढता येतील. पोरांचं म्हणणं की बीजीएमआयला टीमकडून दोनशे-दोनशे एंट्री घ्या आणि तेच पैसे बक्षिसात टाका म्हणजे बॅनरवर आकडा मोठा दिसेल. आता हे जुगारात बसतं का, पोलीस आले तर काय सांगायचं? आणि शाळेतले एक सर म्हणून राहिले की बुद्धिबळ ठेवता तर 'रेटेड' (खेळाडूला अधिकृत रेटिंगचा आकडा मिळतो ती) ठेवा, ते आपल्यासारख्याच्यानं होईल का? ज्यानं स्वतः स्पर्धा घेतली असेल त्यानं सांगा भो, नुसतं 'छान उपक्रम' लिहून जाऊ नका.

---

स्क्वॉड_धुळे

भाऊ, मी कॉलेजात असल्यापासून कस्टम रूम (गेममधली आपली खाजगी मॅच) लावून राहिलो, म्हणून फक्त बीजीएमआयचं सांगतो, बाकीचं बाकीचे सांगतील.

पहिलं म्हणजे एका रूममधे १६ टीमा धर, चार-चार जण, म्हणजे ६४ पोरं. हे ६४ फोन एका वायफायवर टाकलेस की खेळ संपला, पिंग लाल (म्हणजे गेम अडकत चालते), पोरं आरडाओरडा करतील आणि हरलेली प्रत्येक टीम म्हणेल नेटमुळे हरलो. त्यामुळे आधीचे राउंड ज्याच्या त्याच्या घरून खेळू दे, स्वतःच्या नेटवर, आणि हॉलमधे फक्त फायनल घे. फायनलला पण ज्याचा त्याचा डेटा, वायफाय फक्त लाइव्ह लावणाऱ्याला. हॉलमधे कोणत्या कंपनीची रेंज चांगली ते आठवडाभर आधी जाऊन बघ, आणि ते पण संध्याकाळी बघ, सकाळी सगळ्यांचीच चांगली असते.

दुसरं, एका मॅचवर निकाल लावू नको. झोन (गेममधली सुरक्षित जागा) कुठं पडतो ते नशीब आहे, एखादी टीम नुसती घरात बसून डिनर घेऊन जाते, म्हणजे मॅच जिंकते. कमीत कमी चार मॅच घे आणि पॉइंट टेबल ठेव. मोठ्या स्पर्धांत हल्ली पहिल्याला १०, दुसऱ्याला ६, मग ५, ४, ३, २ आणि सातव्या-आठव्याला एक-एक, वरून प्रत्येक किलचा १ पॉइंट असं असतं. याच्यात झाडीत लपून बसणाऱ्याला पण काहीतरी मिळतं आणि भिडणाऱ्याला जास्त मिळतं, म्हणून भांडण कमी. एक मॅच साधारण अर्धा तास, मधे पोरं जमवणं, रूमचा आयडी-पासवर्ड देणं, कोणाचा फोन अपडेट मागतोय ते बघणं, म्हणजे चार मॅचला तीन तास धरूनच चाल.

तिसरं, हे कोणी सांगत नाही. हॉलमधे पडदा लावून लाइव्ह दाखवशील तर पडदा खेळणाऱ्यांच्या पाठीमागे लाव किंवा दाखवायचं ते दहा मिनिटं उशिरानं दाखव. एका गावात पडदा समोरच लावलेला होता, कोण कुठल्या बिल्डिंगमधे आहे ते सगळ्यांना दिसून राहिलं होतं, आणि वर गावातले काका मोठ्यानं 'अरे तो झाडामागे बसला बघ' करून सांगत होते.

आयपॅड बंद ठेव, त्याच्यावर बाजूचं जास्त दिसतं. लॅपटॉपवर मोबाईल गेम चालवायचं एम्युलेटर पण बंद. कॅरेक्टर आयडी आधी लिहून घे, म्हणजे जळगावहून एखादा भारी प्लेअर भाड्यानं आणून बसवता येत नाही. आणि १८ च्या आतल्यांना गेममधेच दिवसाला तीन तासांची लिमिट आहे, सकाळपासून सराव करून आला तर फायनलच्या मधेच बाहेर पडेल, हे पोरांना आधी बजाव.

मोठ्या लोकांना सांग की केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मधेच ईस्पोर्ट्सला (व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना) खेळ खात्याखाली घेतलंय आणि हांगझोऊच्या एशियन गेम्समधे तर त्याला मेडल होती. बॅनर मात्र उशिरा छापा 😄 पबजी २०२० च्या सप्टेंबरात बंद झाली, बीजीएमआय २०२१ च्या जुलैत आली, २०२२ च्या जुलैत स्टोअरवरून गायब, २०२३ च्या मे मधे परत आली. आपल्या धंद्यात काय सांगता येत नाही.

---

खेडूत_अमळनेर

छान उपक्रम 🙏

---

तापीकाठचा_भो

😂😂 सांगितलं होतं ना भो.

---

कलम_तेरा (जळगाव)

एंट्री फीचं सविस्तर लिहितो कारण याच्यात बरेच मंडळवाले अडकू शकतात. मी वकिली करत नाही, कोर्टात टायपिंगचं काम करतो, तरी रोज तेच वाचतो.

आपल्या राज्यात जुगाराचा कायदा १८८७ चा आहे, अजून तोच चालतो. त्याच्या कलम १३ मधे आहे की निव्वळ कौशल्याचा खेळ असेल तर हा कायदा त्याला लागू नाही. कॅरम, बुद्धिबळ याच्यात बसतात, म्हणून गावोगाव एंट्री घेऊन कॅरम स्पर्धा होतात आणि कोणाला काही होत नाही. रमीवर पण सुप्रीम कोर्टानं १९६७ मधेच सांगितलं होतं की त्यात मुख्यतः कौशल्य लागतं.

पण मोबाईलवरचा खेळ वेगळा झाला. २०२५ च्या ऑगस्टमधे संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा पास केला, त्याच्यात कौशल्य का नशीब हा प्रश्नच ठेवलेला नाही. ऑनलाइन खेळात पैसे भरायचे आणि जिंकलं तर पैसे मिळतील या आशेवर भरायचे, असं असलं की तो पैशाचा खेळ. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला पण आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ईस्पोर्ट्सला त्यातून बाहेर ठेवलंय, तिथं भाग घेण्याची फी आणि बक्षीस चालतं, पण ते मान्यता असलेल्या, नोंदणी झालेल्या ईस्पोर्ट्सला. गावचं मंडळ म्हणेल आम्ही ईस्पोर्ट्स आहोत तर ते एवढं सोपं नाही.

म्हणून तुमच्या पोरांची आयडिया (दोनशे-दोनशे गोळा करा आणि त्यातूनच बक्षीस वाटा) नेमकी नको तिथंच जाते. बीजीएमआयला एंट्री फुकट ठेवा, बक्षीस वर्गणीतून द्या किंवा एखाद्या मोबाईल दुकानदाराकडून द्या. खेळणाऱ्याच्या खिशातून एक रुपया पण बक्षिसात जायला नको. बॅनरवर आकडा लहान दिसला तर दिसू द्या. कॅरम-बुद्धिबळाला फी घेतली तर तिची पावती फाडा आणि हिशोब बोर्डावर लावा.

---

आप्पा_शिरपूर

भो, हाई वाचीसन माले हसू उनं. आमना टाइमले आखाजीले बठ्ठं गाव पत्ता खेये, कोन्ही कायदा इचारे नही. डाव बसस, पैसा जास, मंग भांडन व्हस. पोऱ्हेस्ना नादले लागू नका, एंट्रीना पैसा घेऊच नका.

मराठीत सांगतो, कलम_तेरा बरोबर बोलतात. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) पत्त्यांत पण पैसा खेळणाऱ्यांचाच असायचा, म्हणूनच हरणारा उठायचा नाही आणि जिंकणाऱ्याला लोक उठू द्यायचे नाहीत. बक्षीस बाहेरून आलं की हरलेला गपचूप घरी जाऊन जेवतो.

---

राणी_कव्हर (भुसावळ)

आता कॅरमवाल्याचं ऐका. आमच्याकडे रेल्वे कॉलनीत बारा महिने बोर्ड चालू असतो, ड्यूटी सुटली की लोक घरी जायच्या आधी बोर्डावर. म्हणून सांगतो की गावच्या कॅरम स्पर्धेत भांडणं बोर्डामुळे आणि नियमामुळे होतात, खेळाडू वाईट नसतात.

ती हललेली फ्रेम पहिली काढा. खेळायची जागा ७४ सेंटिमीटर चौरस पाहिजे, मधे फुगलेली नको, त्याच्यावर पाण्याची पातळी लावून बघा (गवंड्याकडून मागा). पावसाळ्यात प्लाय दमट होतो आणि गोटी चिकटते, बोर्ड आठवडाभर आधी कोरड्या खोलीत ठेवा आणि पावडर थोडी वापरा, काही लोक पोळीला पिठी लावल्यासारखी थापतात. स्ट्रायकर ज्याचा त्यानं आणावा पण १५ ग्रॅमच्या वर नको, किराणावाल्याचा छोटा डिजिटल काटा आणून टेबलावर ठेवा, नुसता काटा दिसला तरी जड स्ट्रायकरवाले आपोआप दुसरा काढतात. प्रत्येक बोर्डावर वरून एक बल्ब, सावली पडायला नको, आणि लाईट जाते म्हणता तर इन्व्हर्टर बल्बासाठी राखून ठेवा, मोबाईल चार्जिंगला देऊ नका.

नियम. घरचे नियम प्रत्येक गल्लीत वेगळे असतात म्हणून फेडरेशनचे नियम छापून भिंतीला लावा. एक गेम २५ पॉइंट नाहीतर ८ बोर्ड, जे आधी होईल ते. राणीचे ३ पॉइंट, पण तुमचे २२ झाले की राणीचे मिळत नाहीत, गावात हे माहीतच नसतं आणि फायनलला नेमकं इथंच अडतं. राणी घ्यायच्या आधी आपली निदान एक गोटी गेलेली पाहिजे, आणि राणी घेतली की लगेच पुढच्या फटक्यात कव्हर (आपली एक गोटी घ्यायची), नाहीतर राणी परत मधे. स्ट्रायकर गेला तर एक गोटी ड्यू (दंड म्हणून परत बोर्डावर) आणि टर्न गेला. स्ट्रायकरसोबत आपली गोटी पण गेली तर ती आणि वर एक ड्यू अशा दोन बाहेर येतात पण टर्न चालू राहतो, याच्यावर तर मी माणसं उठून गेलेली पाहिली आहेत. स्ट्रायकर ठेवताना दोन्ही रेषांना टेकला पाहिजे, हे पंचानं पहिल्याच बोर्डाला एकदा कडक बघितलं की पुढं कोणी चुकवत नाही.

३२ जणांची नॉकआउट म्हणजे ३१ मॅच. बोर्ड दोनच राहिले तर तुमचा गणपती विसर्जन होऊन जाईल तरी सेमी चालू असेल. चार बोर्ड करा, दोन आजूबाजूच्या मंडळाकडून आणा. पहिले राउंड एकाच गेमचे आणि सेमीपासून तीनपैकी दोन.

मोबाईलचं मला काही वाकडं नाही, पण कॅरमला बघणारे पन्नास जण उभे राहतात, आपल्या वरच्या मजल्यावरचे काका पण खाली येतात, हे मोबाईलला होत नाही.

---

स्क्वॉड_धुळे

पन्नास काय दादा, लाइव्हला पाचशे बघतात 😎

---

राणी_कव्हर (भुसावळ)

बघत असतील भो. चहा कोण पाजतो त्यांना?

---

प्यादं_पुढं (जळगाव)

त्या सरांना माझा नमस्कार सांगा, पण पहिल्या वर्षी रेटेड करू नका. कारण खर्च नाही, कारण वेगळं आहे.

रेटेड स्पर्धा म्हणजे जागतिक संघटनेकडे, फिडेकडे, आधी नोंद करावी लागते आणि ती आपल्या फेडरेशनमार्फतच होते, पंच परवानाधारक लागतो, खेळाडूंची नोंदणी लागते. हे सगळं जिल्हा संघटनेच्या मदतीनं करता येईल. पण समजा केलं, तरी मुलाला नवीन रेटिंग मिळायला आधीच रेटिंग असलेल्या निदान पाच जणांशी खेळावं लागतं, आणि मार्च २०२४ पासून रेटिंगची सुरुवातच १४०० पासून आहे, त्याच्या खाली यादीत नावच येत नाही. तुमच्या हॉलमधे सगळी पंचक्रोशीतली नवी पोरं असतील, रेटिंगवाले दोन-चार, म्हणजे फी जास्त भरून बहुतेकांच्या हातात काहीच नाही. पालक मग मंडळाला विचारतील की रेटिंग कुठं आहे.

त्याच्यापेक्षा साधी स्विस ठेवा. नॉकआउट अजिबात नको, कोणी आई-वडील एसटीनं पोराला घेऊन येतात आणि पोरगं वीस मिनिटांत बाहेर, हे बरोबर नाही. स्विसमधे कोणी बाहेर जात नाही, जिंकलेला जिंकलेल्याशी, हरलेला हरलेल्याशी, सगळे सगळ्या फेऱ्या खेळतात. ६४ पर्यंत मुलं असतील तर ६ फेऱ्या पुरतात. वेळ १० मिनिटं आणि प्रत्येक चालीला ५ सेकंद वाढीव ठेवा, ६० चाली धरल्या तर एकेकाला १५ मिनिटं होतात, म्हणजे डाव अर्ध्या तासात आटोपतो. जोड्या कॉम्प्युटरवर लावा, हातानं लावाल तर चौथ्या फेरीनंतर कोणीतरी म्हणेलच की तुमच्या भाच्याला सोपा दिला. बरोबरी झाली तर बुकहोल्झ, म्हणजे ज्यांच्याशी खेळला त्या सगळ्यांचे गुण मिळवायचे, ज्याला अवघड प्रतिस्पर्धी आले तो वर. हे पालकांना फेरी सुरू व्हायच्या आधी माइकवर समजवा, बक्षीस वाटताना नाही.

आणि पालकांना हॉलच्या बाहेर काढा. कडक बोलतोय पण हेच सगळ्यात महत्त्वाचं. आत उभा असलेला बाप नुसता खोकला तरी समोरच्या मुलाची आई उठते. मोबाईल एका पिशवीत गोळा. हात लावला ती सोंगटी चालवायची. चुकीची चाल केली तर रॅपिडमधे (म्हणजे अशा कमी वेळाच्या डावात) समोरच्याला दोन मिनिटं वाढवून मिळतात आणि दुसऱ्यांदा केली की डाव हरला, पण तुमच्याकडे नऊ-दहा वर्षांची पोरं असतील तर पहिल्या फेरीला पंचानं जरा समजावून घ्यावं.

जैन स्पोर्ट्स अकॅडमी इथं जळगावातच आहे, कॅरम आणि बुद्धिबळ दोन्हीचं काम चालतं, तिथं एकदा जाऊन पंचांबद्दल विचारा. गंमत म्हणजे कॅरम आणि बुद्धिबळ दोन्ही फेडरेशनला लोक एआयसीएफच म्हणतात, पत्र भलतीकडे पाठवू नका.

---

शहाद्याची_माई

एवढं सगळं लिहिलंत, एकानं तरी विचारलं का की बायका-मुलींचं काय? मंडळात आमच्या वाट्याला दरवर्षी रांगोळी आणि संगीत खुर्ची. मी लग्नाच्या आधी माहेरी दुपारी कॅरमच खेळायची, भाऊ हरला की बोर्ड उलटा करायचा.

मुलींसाठी कॅरमचा वेगळा गट ठेवा आणि दुपारी ठेवा, संध्याकाळी स्वयंपाकाच्या टायमाला ठेवला तर कोणी येणार नाही आणि मग तुम्हीच म्हणाल प्रतिसाद नाही. २०२४ मधे अमेरिकेत कॅरमची वर्ल्ड स्पर्धा झाली, चेन्नईची काझिमा नावाची रिक्षावाल्याची मुलगी तीन गोल्ड घेऊन आली. बुद्धिबळात आपल्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मधे महिलांचा वर्ल्ड कप जिंकली, ते पण फायनलला कोनेरू हंपीला हरवून. बॅनरवर फोटो लावायचे तर ह्यांचे लावा, नगरसेवकांचे दरवर्षी बघतोच.

आणि बुद्धिबळाला मुलींचा वेगळा गट नका करू, एकत्रच खेळू द्या, फक्त मुलींचं बक्षीस वेगळं काढा. लहान गावात वेगळा गट केला की चारच मुली येतात आणि चौघींनाही ट्रॉफी, मग त्याला किंमत राहत नाही.

---

प्यादं_पुढं (जळगाव)

माईंचं शंभर टक्के बरोबर.

---

तापीकाठचा_भो (चोपडा तालुका)

मंडळी, काल मीटिंग झाली, तुमचं सगळं मोबाईलवर वाचून दाखवलं (काकांचा झाडामागचा किस्सा दोनदा वाचायला लावला). ठरलं असं, रविवारी बुद्धिबळ सहा फेऱ्या, रेटेड नाही, मुलं-मुली एकत्र. कॅरम रोज संध्याकाळी चार बोर्डावर, मुलींचा गट दुपारी तीनला. बीजीएमआयचे आधीचे राउंड घरून, फायनल १६ टीमा हॉलमधे, एंट्री फुकट. बक्षिसाच्या पंधरा हजाराचे तीन सारखे भाग, याच्यावर पोरं जरा नाराज आहेत, त्यांचं म्हणणं आमच्याकडे चार जणांत वाटायचंय. त्यांना म्हटलं दुकानदार शोधा आणि वाढवून घ्या.

आता अडचण एकच. फुकट ठेवलं की नावं देतात आणि येत नाहीत. म्हणून शंभर रुपये डिपॉझिट घेऊ, हजर राहिला की परत, असं एकानं सुचवलं. चालेल का?

---

कलम_तेरा (जळगाव)

कॅरम-बुद्धिबळाला घ्या, पावतीवर 'हजेरीनंतर परत' लिहा. बीजीएमआयला डिपॉझिट पण घेऊ नका. परत करणार असाल तरी पैसे घेतल्याचा मेसेज कोणाच्या तरी मोबाईलमधे राहतोच, आणि नंतर तो कोण कसा दाखवेल सांगता येत नाही. कशाला ती झंझट.

---

स्क्वॉड_धुळे

डिपॉझिटची गरजच नाही भो. १६ च्या वर ४ टीमा वेटिंगला ठेव आणि त्यांना हॉलमधेच बसव. मॅचच्या पंधरा मिनिटं आधी माइकवर नाव पुकार, कॅप्टन समोर उभा नसेल तर स्लॉट वेटिंगवाल्याला, मग कितीही फोन येऊ दे, 'आलोच आहे, फाट्यावर आहे' म्हणणाऱ्याला घ्यायचं नाही. पहिल्या मॅचला एकदा असं केलंस की पुढच्या तिन्ही मॅचला सगळे वेळेच्या आधी बसलेले दिसतील. फायनलची तारीख टाक, मी रूम लावायला येतो, चार्जिंगचे बोर्ड माझ्याकडे आहेत, इन्व्हर्टर राणीवाल्या दादांना देऊन टाक.

---

राणी_कव्हर (भुसावळ)

आता कसं बोलला. मी पण येतो पंच म्हणून, फक्त बोर्ड उन्हात ठेवू नका.